कॉलेज बदलू का?

प्रश्न : लातूरहून पुण्यात इंजिनिअरिंगला आले. पहिली सेमिस्टर संपली, पण कुणाशीच जमत नाही. दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलावं का?

उत्तर : एवढ्यात नको. पहिल्या सेमिस्टरचा एकटेपणा कॉलेजबद्दल फार थोडं सांगतो. वॉल्टन आणि कोहेन यांच्या २०११ मधल्या अमेरिकी अभ्यासात नवख्या विद्यार्थ्यांना एवढंच पटवून दिलं होतं, की परकेपणा बहुतेकांना वाटतो आणि हळूहळू ओसरतो. तेवढ्यानंही कृष्णवर्णीय मुलांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारले. शिवाय दुसऱ्या वर्षी नव्या कॉलेजात गेलीस, तर तिथले ग्रुप आधीच जमलेले असतील, म्हणजे आजच्याहून अवघड सुरुवात. मैत्री बहुधा गप्पांतून नाही, सोबत राबण्यातून होते. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमीला रात्री उशिरापर्यंत नेपथ्य रंगवणाऱ्या मुलीला कुणी ‘गाव कुठलं?’ असं तुच्छतेनं विचारत बसत नाही, ब्रश मागतात.

‘म्हणजे मुकाट सोसायचं?’ असं म्हणशील. मुळीच नाही. कॅन्टीनमध्ये एकटीनं डबा खाणं वेगळं आणि आडनावावरून, बोलीवरून होणारा छळ वेगळा. त्यासाठी राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. लेखी तक्रार कर, आणि तरीही कॉलेज ढिम्म राहिलं तर बदली मागणं रास्तच. एरवी दुसरी सेमिस्टर पूर्ण कर. तोवर हव्या त्या कॉलेजात जागा रिकामी होते का आणि तिथल्या अभ्यासक्रमाशी तुझे विषय जुळतात का, हे विचारून ठेव. स्वायत्त कॉलेजांत हे जुळणं बरेचदा अडतं.