हुतात्मा बाबू गेनू चौक

युरोपातील प्राग ह्या राजधानीच्या मध्यभागी एक लांबरुंद चौक आहे. चौदाव्या शतकात चौथ्या चार्ल्स राजाने तेथे नवे नगर वसविले, तेव्हा ह्या जागी घोड्यांचा बाजार भरू लागला. लोकही तिला घोडेबाजारच म्हणत. १८४८ साली तिला संत वेन्सेस्लास ह्या प्राचीन राजपुरुषाचे नाव मिळाले. घोडे गेले, बाजार ओसरला. माणसांची दाटी मात्र राहिली. १९८९ साली चेक जनतेने लोकशाहीची मागणी केली, तीही ह्याच चौकात लाखोंच्या संख्येने जमून.

पुण्याची मंडई हीदेखील बाजाराचीच जागा. १८८६ साली तेथे अष्टकोनी इमारत उभी राहिली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ते नाव जाऊन महात्मा फुले मंडई हे नाव आले. ह्याच मंडईच्या परिसरात हुतात्मा बाबू गेनू चौक आहे. भाद्रपदात गणपती पाहावयास मुलांची तेथे झुंबड उडते. पण हा बाबू गेनू कोण, असे विचारले तर त्यांतील कितीजण उत्तर देतील?

तो राजा नव्हता, गव्हर्नर नव्हता, पंडितही नव्हता. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे त्याचे गाव. १९०८ साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. जुन्नर, आंबेगावकडील कितीतरी तरुण त्या काळी पोटासाठी घाट उतरून मुंबईस जात. बाबूही गेला आणि कापडाच्या गिरणीत मजूर झाला.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह आरंभिला. विदेशी कापडावरील बहिष्कारही जोर धरू लागला. स्वयंसेवक दुकानांपुढे उभे राहत आणि विदेशी मालाच्या गाड्या अडवीत. १२ डिसेंबर रोजी काळबादेवीच्या जुन्या हनुमान गल्लीतून असा माल मोटारीने निघाला. बरोबर पोलीस होते. गाडी अडविण्यासाठी बाबू गेनू रस्त्यावर आडवा झाला. हिंदी चालकाने गाडी पुढे नेण्यास नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटाने स्वतः चाक हाती घेतले, अशी त्या दिवसाची हकीकत सांगतात. गाडी बाबूच्या अंगावरून गेली आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. सरकारने हा अपघात ठरविला. मुंबईच्या लोकांनी मात्र ते मानले नाही.

ज्या काळबादेवीत तो पडला, तेथील एका रस्त्यास त्याचे नाव मिळाले. पुण्यात चौक झाला. प्रागच्या चौकाला राजपुरुषाचे नाव लाभले ह्यात नवल नाही. गिरणीतल्या मजुराचे नाव भर बाजारातल्या चौकास मिळावे, ही गोष्ट मात्र विरळा.

त्याच्या तालुक्यातही हे नाव आहे. डिंभे येथे घोड नदीवर धरण झाले, त्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. जुने आंबेगाव ह्याच पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे. तालुका मात्र अजून आंबेगावच म्हणविला जातो.