शेळीच्या पोटातील भाडेकरू

मुरबाड-शहापूरकडच्या माळावर बोरी-बाभळीचा पाला ओरबाडणारी शेळी तुम्ही पाहिली असेल. या पाल्यात सेल्युलोज पुष्कळ असते, आणि ते पचविणारा रस शेळीच्या शरीरात तयारच होत नाही! ते काम तिच्या पोटातील भाडेकरू करतात.

शेळीच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठा कोटीपोट. तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो. तापमान ३९° सें.च्या आसपास असते. तेथील एका घनसेंटिमीटर द्रवात सुमारे एक हजार कोटी जीवाणू नांदतात. ते पाला आंबवितात. त्यातून ॲसेटिक आम्लासारखी सौम्य आम्ले निर्माण होऊन रक्तात शोषली जातात. शेळीची निम्म्याहून अधिक ऊर्जा यांतूनच येते.

आता लग्नाच्या पंगतीत उरलेला भात कोणी मायेने शेळीपुढे ओतला, तर काय होईल? भातातील स्टार्चवर झडप घालणारे जीवाणू वेगळे. त्यांची संख्या अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकते आणि ते बरेच तीव्र असे लॅक्टिक आम्ल बनवितात. एरवी रवंथ करताना लाळेबरोबर पोटात सोडा जातो व आम्ल शमते. पण भाताला फारसे चघळावे लागत नाही. द्रवाचा सामू ६·५ वरून ४·५ वर आला, तर तो दोननेच उतरला असे समजू नका. सामूचे माप लॉगरिदमचे आहे, म्हणून हायड्रोजन आयनांची संहती शंभरपट होते! पाला पचविणारे जीवाणू त्यात तग धरीत नाहीत. शिवाय कोटीपोटातील द्रव संहत झाल्याने परासरणाने रक्तातील पाणी तिकडे ओढले जाते. पोट डबडबते, पण शरीर कोरडे पडते. अशी शेळी एक-दोन दिवसांत दगावू शकते. पशुवैद्याला तातडीने बोलवावे. दाणा द्यायचाच, तर थोडाथोडा वाढवीत दोनेक आठवड्यांत सवय करावी. तेवढ्या अवधीत भाडेकरूंचे प्रमाण हळूहळू बदलते.

भाडेकरू बदलल्याने फायदाही होतो. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियात हा पाला भरपूर खाणाऱ्या जनावरांचे केस गळत, गळ्यातील अवटू ग्रंथी सुजे. हवाई बेटांवरील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत! रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात त्या शेळ्यांच्या कोटीपोटातील जीवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात सोडले, आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. मिमोसिनपासून होणाऱ्या विषाचा फडशा पाडणाऱ्या या जीवाणूला १९९२ मध्ये जोन्स यांच्यावरून ‘सिनर्जिस्टीस जोन्सिआय’ असे नाव देण्यात आले.