दाणा कुठे सांडतो ते आधी बघ

अगं, खालच्या सपाट खाचरांत यंदा हार्वेस्टर घालायचं ठरलंय आणि दाणा मातीत जाईल म्हणून तुझ्या जिवाला घोर लागलाय, हो ना? यंत्र म्हटलं की एवढं सांडणारच, असं सगळे सांगतायत. खरं सांगू का, त्यावर गप्प बसू नकोस. कुठल्या भागातून सांडतंय ते कळलं, की बरंचसं त्याच दिवशी अडवता येतं, आणि ते तुझं तुला कळेल.

पहिली गोष्ट, वेळ साध. हळवं भात आधी पिकतं, गरवं मागाहून. सगळ्या खाचरांना एकच तारीख देऊ नकोस. लोंबीतले 80 ते 85 टक्के दाणे पिवळे झाले की कापायला घे. दाण्यात तेव्हा साधारण 20 ते 22 टक्के ओल असते. त्याहून वाळू दिलंस तर नुसत्या धक्क्यानं झडतं बघ. खाचरातलं पाणी आठ-दहा दिवस आधी सोडून दे, म्हणजे यंत्र रुतणार नाही. आणि सकाळी दव वाळल्याशिवाय सुरू करू देऊ नकोस. ओला पेंढा मळणीच्या ड्रममध्ये अडकतो आणि दाणा त्याच्याबरोबर बाहेर जातो.

आता मोजायचं. काठ्यांची एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट बांधून ठेव. यंत्र थोडं चाललं की थांबव आणि त्याच्या लांबीइतकं मागे घ्यायला सांग. आधी उभ्या पिकात चौकट ठेव. तिथे पडलेले दाणे वाऱ्यापावसानं पाडलेले, त्यात यंत्राचा दोष नाही. मग पिकाच्या आणि यंत्राच्या मधल्या कापलेल्या पट्ट्यात बघ. तिथे जास्तीचे निघाले ते पुढच्या कापणीत सांडले. शेवटी यंत्राच्या मागे, पेंढा झटकून उचल आणि मोज. मागचा आकडा मोठा दिसला तरी हबकू नकोस गं, सगळ्या रुंदीचं भात तिथे एका ओळीत पडलेलं असतं. शेतभर सरासरी चौकटीत शंभर दाणे म्हणजे एकरी सुमारे 9 किलो गेलं, असं धर.

पुढे सांडत असेल तर पिकाला आत ओढणारा तो फिरता रील बघ. तो यंत्राच्या चालीपेक्षा थोडाच जास्त फिरायला हवा. फार जोरात फिरला तर लोंब्यांना झोडपत सुटतो. पाती बोथट असतील तर बदलायला सांग. कापलेलं भात ड्रमकडे चढतं तिथल्या जोडाला फट असेल, तर मालकाला विचारून जुन्या ट्यूबची पट्टी लावून घे. आडवं पडलेलं भात झुकलंय त्याच्या उलट दिशेनं, हळू कापायला लाव.

मागे सांडत असेल तर पेंढ्यातली लोंबी हातात घे. दाणे अजून चिकटलेले असतील तर ड्रम आणि खालची जाळी यांतलं अंतर थोडं कमी करायचं. टाकीतल्या भातात तुटके, सोललेले दाणे दिसले तर ड्रमची गती कमी करायची. चांगला भरलेला दाणा भुशाबरोबर उडत असेल तर पंख्याचा वारा कमी करायचा, किंवा यंत्रच हळू चालवायचं. वाडा कोलमसारखं बारीक भात असेल तर वाऱ्याकडे जास्तच लक्ष ठेव. एका वेळी एकच बदल कर आणि पुन्हा मोज. चार गोष्टी एकदम फिरवल्यास तर कशानं गुण आला ते कळणार नाही.

आणि हे मात्र माझं ऐकायचंच. इंजिन बंद, चावी हातात, पदर खोचलेला, तेव्हाच यंत्राजवळ जायचं. ड्रमशी हात घालायचं काम चालकाचं, तुझं नाही.

उतारावरच्या नागली-वरईला यंत्र नेऊ नकोस, तिथे विळाच बरा. काही अडलं तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार.

तासावर भाडं असलं की चालकाला घाई असते. म्हणून भाडं ठरवतानाच सांगून टाक, ‘दादा, पहिलं खाचर हळू कापायचं, मी मोजणार, लागेल तिथे यंत्र लावून द्यायचं.’ बोलायला संकोचू नकोस. आवण टाकण्यापासून या भातामागे तू राबलीस. थांबा म्हणायचा हक्क तुझाच आहे.