विजेच्या आज्ञेने चालणारा थेंब

अळवाच्या पानावर पडलेले पाणी पसरत नाही. मोत्यासारखा गोल थेंब होऊन ते इकडून तिकडे घरंगळते आणि पान कोरडेच राहते. तोच थेंब स्वच्छ काचेवर टाकला, तर चापट होऊन पसरतो. थेंबाने गोल राहावे की पसरावे, हे द्रवाच्या पृष्ठताणावर आणि खालच्या पृष्ठभागाशी असलेल्या त्याच्या आकर्षणावर अवलंबून असते. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्यास संपर्क कोन म्हणतात. अळवाच्या पानावर हा कोन फार मोठा असतो, काचेवर फार लहान. पृष्ठभाग तोच ठेवून केवळ विजेच्या साहाय्याने हा कोन बदलता येतो, ही गोष्ट प्रयोगशाळांच्या दृष्टीने मोठ्या मोलाची ठरली आहे.

या शोधाचे मूळ दीडशे वर्षांपूर्वीचे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅब्रिएल लिपमन हे १८७३ च्या सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे असताना त्यांना एक प्रयोग दाखविण्यात आला. सौम्य गंधकाम्लाखाली ठेवलेल्या पाऱ्याच्या थेंबास लोखंडी तारेने स्पर्श केला की थेंब आक्रसे, तार काढली की पुन्हा पूर्ववत होई. याच्या मुळाशी वीज आहे, हे लिपमन यांनी ओळखले व १८७५ मध्ये त्याची उपपत्ती मांडली. त्यावर आधारलेल्या त्यांच्या केशिका-विद्युतमापकानेच १८८७ मध्ये लंडन येथे ऑगस्टस वॉलर यांनी मानवी हृदयाच्या विजेचा पहिला आलेख घेतला. (पारा व त्याची वाफ विषारी असल्याने हा प्रयोग शाळेत करून दाखविण्याजोगा नाही. अळवाच्या पानावरील थेंबाजवळ केसांवर घासलेली प्लॅस्टिकची फणी नेल्यास थेंब तिच्याकडे ओढला जातो. तत्त्व अगदी तेच नसले, तरी वीज पाण्यास ओढते एवढे त्यावरून मुलांच्या ध्यानात येईल.)

पाण्याच्या बाबतीत मात्र अडचण होती. पाणी धातूला थेट लागले आणि विद्युतदाब साधारण एक-दीड व्होल्टच्या वर गेला, की पाण्याचे विघटन होऊन बुडबुडे येऊ लागतात. १९९३ मध्ये ग्रेनोबल येथील ब्रुनो बर्ज यांनी द्रव आणि धातू यांच्यामध्ये विसंवाहक पदार्थाचा पातळ थर ठेवला आणि ही अडचण दूर झाली. आता दाब शेकडा व्होल्टपर्यंत वाढविता येऊ लागला. दाब दुप्पट केला, की एका मर्यादेपर्यंत परिणाम चौपट होतो.

थेंब चालतो कसा?

एका पट्टीवर धातूचे लहान लहान चौकोन शेजारी शेजारी बसविलेले असतात. प्रत्येकास स्वतंत्र तार जोडलेली असते. त्यांवर विसंवाहकाचा थर आणि सर्वांत वर पाणी न धरणारा टेफ्लॉनसारखा लेप देतात. थेंब एका चौकोनावर बसलेला असताना शेजारच्या चौकोनास वीज दिली, की त्या बाजूची कड खाली वाकते, पसरते आणि सगळा थेंब तिकडे ओढला जातो. मग ती वीज बंद करून पुढच्या चौकोनास द्यावयाची. शेतात दारे धरणारा माणूस एक वाफा भरला की तो बंद करून पुढचा उघडतो, तसाच हा क्रम आहे. येथे पाट मात्र नाही, पंप नाही आणि झडपही नाही. मार्ग बदलावयाचा तर संगणकातील सूचना बदलली की पुरते. मात्र थेंबाची कड पुढच्या चौकोनावर थोडी तरी टेकलेली असावी लागते. म्हणून थेंब चौकोनापेक्षा किंचित मोठा ठेवतात, किंवा चौकोनांच्या कडा करवतीच्या दात्यांप्रमाणे एकमेकींत गुंतवितात.

खरे कौशल्य आहे ते मोजून थेंब काढण्यात. साठ्याला लागून असलेले दोन-तीन चौकोन क्रमाने चालू केले, की द्रवाचे एक बोट बाहेर येते. मग टोकाचा चौकोन चालूच ठेवून मधले बंद करतात आणि साठ्याखालची वीज पुन्हा देतात. द्रव दोन्हीकडे ओढला जातो, मध्ये मान बारीक होते आणि तुटते. टोकाशी थेंब उरतो. हे सर्व दोन पट्ट्यांच्या अरुंद फटीत घडत असल्याने थेंबाचे माप चौकोनाच्या क्षेत्रफळावर आणि फटीच्या उंचीवर ठरते. चौकोन एक मिलिमीटरचा आणि फट एकपंचमांश मिलिमीटरची असेल, तर थेंब सुमारे एकपंचमांश घन मिलिमीटरचा होतो. औषधाच्या ड्रॉपरच्या एका थेंबातून असे अडीचशे थेंब निघतील. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात आणि लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २००० नंतरच्या काही वर्षांत थेंब काढणे, चालविणे, दुभागणे आणि मिसळणे या चारही क्रिया साध्य झाल्या.

नवजात अर्भकाचे रक्त

एवढ्या सूक्ष्म मापाची निकड कोठे आहे? नवजात अर्भकाच्या टाचेतून घेतलेले रक्त टिपकागदावर वाळवितात आणि त्या डागाच्या एका लहानशा चकतीतून अनेक रोगांचा तपास करावयाचा असतो. पॉम्पे रोगात एका विकराच्या अभावी स्नायूंत व हृदयात ग्लायकोजेन साचत जाते. या रोगाच्या तीव्र प्रकारात उपचार न झाल्यास बहुतेक बालके दोन वर्षेही पूर्ण करीत नाहीत. बाहेरून विकर देण्याचे औषध २००६ पासून उपलब्ध आहे. पण हृदय व स्नायू फार बिघडण्यापूर्वी ते सुरू झाले तरच त्याचा पुरता लाभ होतो. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेने जानेवारी २०१३ पासून राज्यातील नवजात बालकांची पॉम्पे व अन्य तीन रोगांसाठी या थेंब-तंत्राने तपासणी सुरू केली. अशा यंत्रास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये मान्यता दिली. अर्थात ही चाळणी आहे, निदान नव्हे. संशयित बालकाची पुढील तपासणी करावीच लागते.

तंत्राच्या उणिवाही आहेत. रक्तातील प्रथिने लेपास चिकटून थेंबाची वाट अडवितात, विसंवाहक थरास भोक पडले तर पट्टी निकामी होते आणि उघड्यावर इतका लहान थेंब पाहता पाहता सुकतो. म्हणून अनेक ठिकाणी फटीत सिलिकॉन तेल भरतात.

वायव्य केनियातील काकुमा निर्वासित छावणीत टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी याच तत्त्वावरील सुटसुटीत यंत्र नेले. त्याच्या पट्ट्या इंकजेट छपाईने तयार केल्या होत्या. ९ ते ५९ महिन्यांची बालके आणि त्यांचे पालक यांच्या बोटातील रक्तात गोवर व रुबेलाविरोधी प्रतिपिंडे आहेत काय, हे पाहावयाचे होते. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या प्रयोगशाळा-चाचणीशी ताडून पाहता, गोवराची प्रतिपिंडे असलेल्या शंभरांपैकी ८६ जण यंत्राने बरोबर ओळखले. नसलेल्या शंभरांपैकी ८०. म्हणजे संरक्षण नसलेल्या दर पाचांपैकी एकास यंत्र ‘संरक्षित’ ठरवीत होते. छावणीतील कोणत्या भागात लसीकरणाची मोहीम आधी न्यावी हे ठरविण्यास एवढी अचूकता उपयोगी पडते. एखाद्या मुलाला लस न देता परत पाठविण्यास ती पुरेशी नाही.