फ्रीज थंड होईनासा झाला, तर...

वैशाखातील दुपार. पुण्यातील पारा चाळीस अंशांकडे सरकलेला. फ्रीज उघडावा, तर आतला दिवा लागतो. पण दूध नासलेले आणि पाण्याची बाटली कोमट. अशा वेळी ‘गॅस संपला असेल’ हा निष्कर्ष अनेक घरांत तत्काळ काढला जातो. वस्तुतः फ्रीजमधील गॅस स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे वापरल्याने संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. गळती झाली तरच कमी होतो. म्हणूनच कारागिराला बोलावण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः तपासून पाहणे हिताचे ठरते.

फ्रीजचे कार्य

फ्रीज थंडी निर्माण करीत नाही; आतील उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. फ्रीजरच्या नळ्यांत द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते. कॉम्प्रेसर हा वायू दाबून कंडेन्सरच्या नळ्यांत पाठवितो आणि तेथे ती उष्णता खोलीतील हवेत मिसळते. या मार्गात अडथळा कोठे आला, हे शोधणे म्हणजेच बिघाड शोधणे होय.

क्रमाने तपासणी

प्रथम वीज पाहावी. दिवाच लागत नसेल, तर त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहावे. दिवा लागतो, पण कॉम्प्रेसरचा आवाज नाही, अशा वेळी तापमानाची कळ बंद स्थितीत गेली आहे काय, ते बघावे. ‘टक्’ असा आवाज होऊन कॉम्प्रेसर पुनःपुन्हा बंद पडत असेल, तर विजेचा दाब कमी असण्याचा किंवा रिले बिघडल्याचा संभव असतो. देखभालीसाठी गुरुवारी वीजपुरवठा बंद राहणे पुणेकरांच्या परिचयाचे आहे. वीज परत आल्यावर पाच मिनिटे थांबून मगच फ्रीज सुरू करावा. नळ्यांतील दाब समान होण्यास तेवढा अवधी लागतो.

कॉम्प्रेसर अखंड चालतो, तरी गारवा नाही, अशी स्थिती असेल तर उष्णतेची वाट अडली आहे, असे समजावे. जागेअभावी अनेक घरांत फ्रीज भिंतीला चिकटवून किंवा शेगडीशेजारी ठेवलेला असतो. मागे निदान चार बोटे अंतर असावे. मागील बाजूस काळी जाळी असल्यास प्लग काढून तिच्यावरील धूळ मऊ ब्रशने झाडावी. नव्या फ्रीजमध्ये या नळ्या बहुधा बाजूच्या पत्र्याआड असतात. तो पत्रा कोमट लागणे हा दोष नव्हे.

दाराच्या रबरी पट्टीत कागद धरून दार लावावे. कागद सहज निसटला, तर तेथून गरम हवा आत शिरते. पट्टी साबणाच्या पाण्याने पुसावी. फाटली असल्यास बदलावी. फ्रीजरमध्ये बर्फाचा जाड थर साचला असेल, तर फ्रीज बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने बर्फ खरवडल्यास नळीला छिद्र पडते आणि मग गॅस खरोखरीच जातो. फ्रॉस्ट-फ्री प्रकारात वर गोठते, पण खाली गार होत नाही, असे आढळल्यास हवेची छिद्रे भांड्यांनी अडली आहेत काय, ते पाहावे. ती मोकळी असल्यास पंखा तपासून घ्यावा.

गॅसविषयी दक्षता

एवढे करूनही फरक पडला नाही आणि फ्रीजरच्या एखाद्याच कोपऱ्यात बर्फ धरत असेल, तर गळतीची शंका घ्यावी. गळती शोधून बुजविल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय. ओझोनच्या थराला अपायकारक वायूंवर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने निर्बंध आल्यानंतर फ्रीजमधील वायू बदलत गेले. आज अनेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. नळ्या उघडण्याचे काम प्रशिक्षित कारागिरानेच करावे.

अन्न आणि औषधे

दार न उघडल्यास फ्रीजमधील अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते. त्यानंतर दूध, शिजविलेले अन्न, मांस व मासे यांचा मोह धरू नये. वास न येणे ही सुरक्षिततेची खूण नव्हे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावयाचे असते. ते बर्फाला लागू देऊ नये. फ्रीज बराच वेळ बंद राहिल्यास वापरण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे.

दुरुस्तीनंतर बदललेल्या भागाच्या उल्लेखासह पावती अवश्य घ्यावी. तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. ‘गॅस संपला’ असे कोणी सांगितल्यास ‘तो गळला कोठून?’ हा प्रश्न ग्राहकाने आधी विचारावा.