राखणीच्या बंदुकीचा दस्ता कसा असावा?

वळसंग परिसरात मालदांडी ज्वारी हुरड्यात आली, की रानडुकरांसाठी रात्रीची राखण आलीच. परवान्याची बंदूक पूर्ण दस्त्याचीच घ्यावी. नुसत्या पिस्तुली मुठीची बंदूक आटोपशीर वाटते. पण तिचा धक्का मनगटावर बसतो व नेम हुकतो. पूर्ण दस्ता खांद्याला व गालाला टेकतो, त्यामुळे नळी स्थिर राहते. माप पाहण्यासाठी रिकाम्या बंदुकीचा दस्ता कोपराच्या बेचक्यात धरावा. तर्जनी चापापर्यंत सहज पोचावी.

काळवीट १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे; रानडुकरासाठीही आधी वनखात्याची परवानगी घ्यावी. नुसत्या सळसळीवर बार काढू नका. उभ्या ज्वारीत शेजारीही राखणीला असतो.