डिलाइट घ्यावी की पद्मिनी

पोरी, या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर पहिल्या नजरेत फरक सांगता येत नाही, आणि विकणारा त्याचाच फायदा घेतो. दोघीही आपल्या कुर्ल्याच्या. लालबहादूर शास्त्री मार्गावर आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत, तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्यात गाड्या जुळू लागल्या. आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ, मग १९५४ पासून फियाट ११००. पुढचे दरवाजे उलटे उघडायचे ती, जिला मुंबईत सगळे डुक्कर फियाट म्हणतात. १९६४ मध्ये कडा मारलेल्या, चौकोनी अंगाची नवी ११०० आली, ती डिलाइट. पुढे १९७२ च्या सुमारास दोनेक वर्षं तिलाच प्रेसिडेंट म्हटलं, आणि १९७४ पासून ती पद्मिनी झाली. नाव बदललं, जाळी बदलली, क्रोमच्या जागी हळूहळू प्लॅस्टिक आलं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मात्र तेच राहिलं.

तुझ्या मित्रांना जुनी गाडी म्हटलं की टप उघडणारी दोन सिटांची स्पोर्ट्स कार दिसते. आपल्याकडे शर्यतीच्या हौशी पोरांनी घरचीच फियाट हलकी केली, इंजिन ट्यून केलं आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर पळवली. चाळीसएक हॉर्सपॉवरच्या गाडीतून त्यांनी काय काढलं असेल याचा विचार कर. ही गाडी हलकी आहे, वळणावर हाताला बोलते. तुझी निवड चुकलेली नाही.

आता तू विचारलंस, दोन्हींपैकी कुठली. मी आधी विचारेन, उभी कुठे करणार? इमारतीच्या आत, छपराखाली, कोरडी जागा असेल तरच डिलाइटचा विचार कर. रस्त्याच्या कडेला चार महिने पावसात डिलाइट ठेवायची म्हणजे तिचा जीव घ्यायचा. दुसरं, चालवणार किती? मे महिन्यात आईला घेऊन कोकणात जायचं असेल, रविवारी माटुंग्याला चक्कर मारायची असेल, तर पद्मिनी. तिचा माल मिळतो. लाखांनी बनल्या, निम्मी मुंबई टॅक्सीत बसली ती याच गाडीत, म्हणून आजही सीएसटी रोडवरच्या भंगारवाल्यांकडे नाहीतर जुन्या स्पेअरच्या दुकानात ब्रेक ड्रमपासून खिडकीच्या हँडलपर्यंत काहीतरी हाताला लागतं. डिलाइटची जाळी, बिल्ले, क्रोमच्या पट्ट्या, मूळ चाकांच्या वाट्या हे शोधायला वर्षं जातात, आणि सापडलं की सांगेल ती किंमत द्यावी लागते. डिलाइट घेशील तर पूर्ण घे. "बिल्ले मिळून जातील" असं कुणी म्हणालं तर तो त्याचा खर्च तुझ्या गळ्यात टाकतोय.

बघायला गेलीस की बोनेट उघडू नकोस. सगळे आधी इंजिन बघतात, विकणाराही तेच धुऊन पुसून चकचकीत करून ठेवतो. इंजिन कुर्ल्यात कुणीही बांधून देईल. बोअरिंग होतं, हेड फेस होतं, क्रँक ग्राइंड होतो. पत्रा मात्र नवा मिळत नाही. या गाडीला वेगळी चॅसी नाही, अंगच चॅसी आहे, त्यामुळे खालचा पत्रा गेला की गाडी गेली. पायाखालची मॅट काढ, मागची सीट उचल, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाल. दरवाज्यांखालच्या पट्टीवर आणि जॅक लावायच्या जागी अंगठ्याने दाब. पत्रा दबला किंवा आतून कुरकुर आवाज आला तर तिथे लांबी भरलीय. एक लहान लोहचुंबक रुमालात गुंडाळून ने आणि चाकांवरच्या कमानींवरून फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. नवाकोरा चकचकीत रंग बघून हुरळू नकोस. फिका पडलेला जुना रंग मला जास्त आवडतो, कारण त्याखाली काय आहे ते दिसतं.

मिठीच्या काठावर राहून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २६ जुलै २००५ ला कुर्ला-कलिना भागात गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या. त्यातल्या कित्येक सुकवून, रंगवून विकल्या गेल्या. डॅशबोर्डच्या मागे हात घाल, वायरिंगच्या जुडग्यात वाळलेला चिखल लागतो का बघ. सीटखालच्या स्प्रिंगा, हेडलाइटच्या वाट्यांच्या आतली कड तपास. बुडालेली गाडी पाच-सात वर्षं नीट चालते, मग एकदम सगळीकडून गंज बाहेर येतो.

पद्मिनी असेल तर ती टॅक्सी होती का, हे नीट शोध. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईट असं मी म्हणणार नाही. आपल्या काळी-पिवळीवाल्यांनी या गाडीची जेवढी निगा राखली तेवढी शेठ लोकांनीही राखली नाही. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला बाद झाली तेव्हा तिचा मालक किती हळहळला ते सगळ्यांनी पाहिलं. पण टॅक्सीची किंमत टॅक्सीचीच द्यायची. दरवाज्याच्या वरच्या अंगाचं रबर थोडं ओढ, टपाच्या कडेला खाली पिवळा रंग दिसेल. डाव्या बाजूला पुढे, मीटर बाहेर लावायचे तिथे, बुजवलेली भोकं शोध. डिकीत सीएनजीची टाकी बसवलेल्या बोल्टांच्या खुणा राहतात. गॅसवर वर्षानुवर्षं धावलेल्या इंजिनाचे व्हॉल्व आणि सीट झिजलेले असतात, तेवढा खर्च किमतीतून कापून घे.

आता बोनेट उघड. इंजिन गार असताना चालू करायला लाव. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. सायलेन्सरमधून निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. पांढरी वाफ थांबत नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे असतील तर हेड गॅस्केट. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, गाडी तापली की हेड वाकतं. गाडी घाटात तापते का, असं विचारू नकोस, कुणी हो म्हणत नाही. शेवटचा रेडिएटर कधी खोलला, तेवढं विचार आणि चेहरा बघ.

गिअर स्टिअरिंगला आहे, त्याची सवय होईल. गिअर टाकताना दांडा भातातल्या पळीसारखा फिरत असेल तर जोडण्यांचे बुश गेलेत, ते स्वस्तात होतं. पुढच्या चाकाला वर उचलून वर-खाली हलव. खेळ जाणवला तर किंगपिन. वेळेवर ग्रीस मारलं नाही की ते आधी जातात. ब्रेक चारही ड्रमचे, आजच्या गाडीसारखे थांबवणार नाहीत. घाट ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. फेरी मारायला रविवारी पहाटे बीकेसीच्या सरळ रस्त्यावर ने, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घे. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी मागेच राहिली, तर क्लच प्लेट.

पेट्रोलचं एक लक्षात ठेव. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं मिळतं आणि या गाड्यांचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. गाडी घेतल्याच्या आठवड्यात सगळ्या रबराच्या नळ्या बदल. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून महिनोन्महिने उभी करू नकोस, पाणी धरतं आणि टाकी आतून सडते.

कागदाचा भाग सगळ्यात कंटाळवाणा, पण पैसे तिथेच बुडतात. आरसी बुकावरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्याशी ताडून बघ, पेन्सिलने छाप काढून घरी आण. ठोकलेले आकडे एका रेषेत नसतील, एखादा जास्त खोल गेला असेल तर हात जोडून परत ये. इंजिन बदलून डिझेल घातलेल्या पद्मिनी पुष्कळ आहेत, त्याची नोंद आरसीत नसेल तर पासिंगला अडकशील. एमएच येण्याआधीचा तीन अक्षरांचा नंबर अजून चालू असेल तर तो गाडीबरोबर मिळतोय का हे लेखी घे.

डिलाइट पन्नाशी पार केलेली, म्हणून २०२१ च्या नियमाने ती विंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की अंग आणि इंजिन मूळचं हवं, आणि गाडी रोजच्या वापरात काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुला चालवायची हौस आहे, म्हणून त्या वाटेला जाऊ नकोस. साधी नोंदणी दर पाच वर्षांनी पासिंग करून, पर्यावरण कर भरून चालू ठेवता येते. सुरुवातीच्या पद्मिनीही आता पन्नाशीला आल्यात, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्याबाबतही येईल.

तुझं घर, तुझी कमाई आणि तुझा स्वभाव बघून माझं मत पद्मिनीकडे आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरची किंवा ऐंशीच्या सुरुवातीची, एकाच घरात राहिलेली, स्टिअरिंगला गिअर असलेली बघ. एकीचा पत्रा शाबूत आणि इंजिन मेलेलं असेल, दुसरीचं इंजिन गोड आणि खालचा पत्रा खाल्लेला असेल, तर डोळे मिटून पहिली घे. डिलाइट सोडवतच नसेल, तर आधी जागा शोध, मग मला घेऊन चल. टोकन कागद हातात आल्यावरच द्यायचं, त्याआधी शंभर रुपयेसुद्धा नाहीत.